टीकाचार्य श्रीजयतीर्थ

आषाढ वद्य पंचमीकडे आपल्यापैकी फार थोड्यांचे लक्ष जाते. आषाढी एकादशीची धामधूम आटोपलेली असते, वारकरी परतीच्या वाटेला लागलेले असतात, गुरुपौर्णिमाही होऊन गेलेली असते. आणि अशा ओसरत्या दिवसांत कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे कागिणा नदीच्या तीरी एका संन्याशाची आराधना होते. हे संन्यासी मूळचे पंढरपुराजवळच्या मंगळवेढ्याचे. घरचे नाव धोंडोपंत, वडिलांचे नाव रघुनाथपंत. पुढे साऱ्या कर्नाटकाने त्यांस टीकाचार्य, टीकाराय अशा नावांनी गौरविले आणि त्यांच्या जन्मभूमीने मात्र त्यांस जवळजवळ विसरून टाकले. मंगळवेढे म्हटले की आपणांस दामाजीपंत आठवतात, चोखोबा आठवतात, कान्होपात्रा आठवते. जयतीर्थ आठवत नाहीत. अळणावरसारख्या गावी, जेथे एकाच ओसरीवर मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जातात, तेथे तरी त्यांचे स्मरण राहावे, एवढ्यासाठी हा लेख.

त्यांचा काळ चौदाव्या शतकाचा. १३३६ साली विजयनगरचे राज्य उभे राहिले, १३४७ साली बहमनी राज्याची स्थापना होऊन गुलबर्गा राजधानी झाली, आणि या दोन सत्तांच्या मधला मुलूख सतत पायदळी तुडविला जाऊ लागला. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्या गावात एक संत वेठीच्या कामात चिरडून गेला, त्याच गावात त्याच सुमारास एका सुखवस्तू सरदारघराण्यात हा मुलगा वाढत होता. घोड्यावर बसावे, शस्त्र चालवावे, पागेची व्यवस्था पाहावी, हे त्याचे शिक्षण. शास्त्राशी त्याचा संबंध आल्याचे चरित्रकार सांगत नाहीत.

त्याच्या आयुष्यास वळण लागले ते एका प्रश्नाने. उन्हाच्या वेळी घोडदौड करीत हा तरुण नदीकाठी आला. नदी कोणती, याविषयी मतभेद आहेत. भीमेच्या खोऱ्यातली होती, एवढे पुरे. तहान फार लागलेली. घोड्यावरून न उतरता, घोडा तसाच पाण्यात घालून, वाकून त्याने ओंजळही न करता तोंडानेच पाणी प्यावयास आरंभ केला. पैलतीरी श्रीअक्षोभ्यतीर्थ नावाचे वृद्ध यती बसले होते. त्यांनी संस्कृतात एवढेच विचारले की, पूर्वजन्मी तू पशू होतास काय. सरदाराच्या मुलास असे विचारले असता दुसरे काय व्हावयाचे? तलवारीस हात जावा किंवा निदान तोंडातून शिवी तरी निघावी. पण चरित्रकार सांगतात की, त्या एका प्रश्नाने त्याच्या अंतरात काही हालले, पूर्वजन्माची स्मृती जागी झाली, आणि तो घोड्यावरून उतरून यतींच्या पायांशी आला.

या पूर्वजन्माची कथाही मोठी गोड आहे. द्वैतमताचे संस्थापक श्रीमध्वाचार्य (१२३८ ते १३१७) संचारास निघत तेव्हा त्यांची पोथ्यांची ओझी एक बैल वाहात असे. पाठ चालू असताना तो बैल जवळ उभा राहून ऐके. शिष्यांनी एकदा विचारले की, आपल्या ग्रंथांवर टीका लिहिण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणाचा? आचार्यांनी बैलाकडे बोट दाखविले. शिष्यांस काय वाटले असेल याची कल्पना कोणत्याही पाठशाळेत बसलेल्या माणसास करता येईल. कथेचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तिच्यातली एक गोष्ट विशेष वाटते. पुढे ज्याच्या वाणीपुढे भलेभले पंडित निरुत्तर झाले, त्याच्या तयारीचा पहिला भाग परंपरेने मुक्या प्राण्याच्या ऐकण्यात पाहिला आहे.

मुलगा संन्यासाच्या वाटेस लागला हे कळताच रघुनाथपंत संतापून धावत आले. एकुलता आधार, तरुण सून घरी, दौलत सांभाळणारा दुसरा कोणी नाही. बापाचा राग समजण्यासारखा आहे. यतींनी मुलास फूस लावली असा त्यांचा आरोप होता. ते मुलास घरी घेऊन गेले आणि त्यास पत्नीसह एका खोलीत बंद केले. तेथे त्या मुलीस पतीच्या जागी प्रचंड सर्प दिसला आणि ती किंचाळत बाहेर आली, अशी आख्यायिका आहे. रघुनाथपंतांनी मग हट्ट सोडला व मुलास स्वतः परत पाठविले. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे चरित्रे सांगत नाहीत. आपल्या संतचरित्रांत अशा कितीएक स्त्रिया दारापर्यंत येतात आणि तेथेच हरवतात. वाचकाने क्षणभर तेथे थांबावे, असे मला वाटते.

अक्षोभ्यतीर्थांनी त्यांस संन्यास देऊन जयतीर्थ हे नाव दिले. अक्षोभ्यतीर्थ हे मध्वाचार्यांचे साक्षात शिष्य, आणि त्यांची ख्याती होती ती वादसभेतली. मुळबागिल येथे त्यांचा श्रीविद्यारण्यांशी छांदोग्य उपनिषदातील प्रसिद्ध महावाक्याच्या अर्थावर वाद झाला, निवाड्यासाठी हे प्रकरण श्रीवैष्णव संप्रदायाचे वेदांतदेशिक यांच्याकडे गेले, आणि त्यांनी अक्षोभ्यतीर्थांच्या बाजूने कौल दिला, असे द्वैत परंपरा सांगते. अद्वैत परंपरेस हा निकाल मान्य नाही. आपल्या देवळात स्मार्त एकादशी करणारी घरे आहेत, भागवत एकादशी करणारीही आहेत. तेव्हा येथे कोणाच्या बाजूने लिहावे, हा प्रश्न मला पडत नाही. जो विजय केवळ विजयी पक्षाच्या वहीत नोंदलेला आहे, त्यावर फार भार टाकू नये, इतकेच म्हणतो. पण कथेतील एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एक द्वैती, एक अद्वैती, आणि न्यायनिवाडा करणारा दोघांहून वेगळ्या, तिसऱ्याच मताचा. निवाडा करणारा माणूस कसा असावा, याविषयी त्या काळी किती विचार झालेला होता, हे यावरून दिसते. आणि नेमका हाच विचार जयतीर्थांच्या लेखणीने आपणांपर्यंत स्पष्ट करून पोहोचविला.

आपल्या देशात तर्कशास्त्र जन्मास आले तेच मुळी वादसभेत. गौतमांच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत वाद, जल्प, वितंडा हे तीन आहेत. छल, जाती आणि निग्रहस्थान हेही आहेत. यांपैकी बहुतेक शब्द मराठीत आजही वावरत आहेत. सत्य कळावे म्हणून दोघांनी प्रमाणांच्या आधारे बोलणे तो वाद. जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प. स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे तेवढे मोडीत राहणे ती वितंडा. आपण वितंडवाद म्हणतो तो हिच्यावरूनच. छल म्हणजे शब्दाचा मुद्दाम दुसरा अर्थ घेणे. कोणी म्हणाला, हा मुलगा नव कांबळेवाला आहे. म्हणजे त्याची कांबळी नवी आहे. दुसरा लगेच म्हणतो, कुठे आहेत नऊ कांबळी, एकच तर दिसते. भाष्यकार वात्स्यायनांनी दिलेले हे उदाहरण मराठीत जसेच्या तसे जमते. पुढे याच छल शब्दाचा मराठीत छळ झाला आणि अर्थही पालटला, पण ज्यास अशा माणसाशी बोलावे लागले आहे त्यास दोन्ही अर्थांतले अंतर फारसे जाणवणार नाही. निग्रहस्थान म्हणजे ज्या जागी वादी पकडला जातो, हरला असे ठरते, ती जागा. बुद्धिबळात शह लागतो तसे. गौतमांनी अशा बावीस जागा मोजल्या.

मध्वाचार्यांनी या विषयावर कथालक्षण नावाचे एक अगदी लहान पद्य प्रकरण लिहिले होते. येथे कथा म्हणजे गोष्ट नव्हे; दोन पक्षांतील शास्त्रीय बोलणे. मध्वाचार्यांची शैली इतकी आखूड की एकेका शब्दापाशी वाचक अडावा. जयतीर्थांनी त्यांच्या इतर ग्रंथांप्रमाणे यावरही टीका लिहिली आणि मग त्या थोड्या श्लोकांचे मोल दिसू लागले. न्यायशास्त्राने वाद, जल्प, वितंडा यांत भेद केला तो मुख्यतः बोलण्याच्या पद्धतीवरून. येथे भेद केला आहे तो बोलणारे कोण आणि कशासाठी बोलतात यावरून. गुरुशिष्य, किंवा एकमेकांविषयी सद्भाव असणारे कोणीही सज्जन, तत्त्वनिर्णयासाठी बोलतात तो वाद. तेच सज्जन कीर्तीसाठी किंवा चुरशीने बोलू लागले की तो जल्प. आणि समोरचा ऐकून घेण्यास आलेलाच नाही, खरे सांगितले तर त्याची विटंबनाच करणार आहे, अशा वेळी आपले तत्त्व झाकून ठेवून केवळ त्याचे म्हणणे खोडून काढणे ही वितंडा. म्हणजे वितंडा हीही सज्जनांच्याच हातातली गोष्ट ठरली, पण ढालीसारखी.

हा भेद वाचताना सोपा वाटतो. आचरणात तो किती कठीण आहे, हे ज्याने कोणत्याही देवस्थानाची वार्षिक सभा पाहिली आहे त्यास सांगावयास नको. सुरुवात वादाने होते. पालखी कोणत्या रस्त्याने न्यावी याचा खरोखर विचार चालू असतो. मग कोणीतरी आपले पूर्वीचे वाक्य राखण्यासाठी बोलू लागतो. शब्द तेच, आवाजही तोच. पण जल्प सुरू झालेला असतो, आणि सभेत बसलेल्यांस तो क्षण दिसत नाही. पुष्कळदा बोलणाऱ्यासही दिसत नाही.

निवाडा करणाऱ्यास कथालक्षणात प्राश्निक असे म्हटले आहे. त्याची पात्रता अशी की, तो राग आणि द्वेष यांपासून मोकळा असावा व सर्व विद्यांत निपुण असावा. प्राश्निक अनेक असले तर त्यांची संख्या विषम असावी, म्हणजे मते निम्मीनिम्मी पडून प्रकरण अडणार नाही. किंवा एकच असावा, पण मग तो असा असावा की ज्याच्या स्वतःच्या मनात संशय उरलेला नाही आणि जो दुसऱ्याचे सर्व संशय छेदू शकतो. वादासाठी मात्र प्राश्निक अनिवार्य नाहीत. खरे शोधणारे आपले आपण बसूनही निर्णय करू शकतात. सातशे वर्षांपूर्वी विषम संख्येचा हा नियम इतक्या सहजपणे घातलेला पाहून कौतुक वाटते.

गौतमांच्या बावीस निग्रहस्थानांचेही येथे सहांत एकत्रीकरण केले आहे. आधीच्या बोलण्याशी किंवा प्रमाणाशी विरोध येणे. विषयाशी न जुळणारे बोलणे. आवश्यक तेवढे न बोलणे. आवश्यकतेहून जास्त बोलणे. प्रतिपक्षास जे आधीच मान्य आहे तेच सिद्ध करीत बसणे. आणि उत्तर देण्याची वेळ आली असता गप्प राहणे. शेवटून दुसरी चूक मला फार मार्मिक वाटते. तिला संवाद असे नाव आहे. मराठीत संवाद हा मोठा प्रतिष्ठित शब्द, पण वादसभेत तो पराभवाचे स्थान ठरतो. मान्य असलेली गोष्टच जोरजोराने सिद्ध करण्यात ज्यांचा जन्म जातो अशी माणसे चौदाव्या शतकातही असली पाहिजेत.

जयतीर्थांचा स्वतःचा लहानसा ग्रंथ प्रमाणपद्धती. द्वैत वेदान्ताचा विद्यार्थी आजही प्रथम तोच हाती घेतो. प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम असे तीन परिच्छेद. त्यांतील अनुमानाच्या चर्चेत एक जुना तंटा येतो. दुसऱ्यास अनुमान पटवून देताना वाक्ये किती असावीत? नैयायिक म्हणत पाच. मीमांसक म्हणत तीन. बौद्धांनी दोनांवर आणले. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, आणि तसाच धूर येथे आहे, म्हणून येथे अग्नी आहे, हे आपण सर्वांनी कधीतरी ऐकलेले असते. जयतीर्थांचे म्हणणे असे की, संख्या ठरवून ठेवण्यात अर्थ नाही. व्याप्ती आणि तिला आधार देणारे कारण ऐकणाऱ्याच्या मनात जागे झाले म्हणजे काम झाले. ज्यास एका वाक्यात समजते त्यापुढे पाच वाक्ये बोलणे व्यर्थ. अनुमानाचे माप त्यांनी बोलणाऱ्याच्या हातून काढून ऐकणाऱ्याच्या हाती दिले. तर्क हा दोन माणसांमधला व्यवहार आहे, ही समजूत त्यांच्या लेखनात अशी खोल मुरलेली आहे.

यादगीर जिल्ह्यातील यरगोळ येथे एका गुहेत राहून त्यांनी आपले बरेचसे लेखन केले, असे परंपरा मानते. पीठावरचा त्यांचा काळ परंपरेच्या गणनेप्रमाणे इ. स. १३६५ ते १३८८. या सुमारे तेवीस वर्षांत त्यांनी मध्वाचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यावर तत्त्वप्रकाशिका, गीताभाष्यावर प्रमेयदीपिका, गीतातात्पर्यावर न्यायदीपिका, अनुव्याख्यानावर न्यायसुधा आणि अनेक लहान प्रकरणांवर टीका लिहिल्या. शिवाय वादावली हा स्वतंत्र ग्रंथ. त्यांत न्यायसुधा हा मुकुटमणी. सुधेचे अध्ययन आणि पृथ्वीचे राज्य यांस एका पारड्यात घालणारी एक म्हण पंडितांत प्रचलित आहे, यावरून तिचा मान कळावा.

जयतीर्थ मवाळ लेखक होते असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. जग मिथ्या आहे या मताचे खंडन त्यांनी आयुष्यभर केले आणि ते धारदार शब्दांत केले. श्रीहर्ष, आनंदबोध, चित्सुख हे अद्वैताचे मोठमोठे तार्किक त्यांच्या समोर होते. पण त्यांच्या लेखनाची एक शिस्त आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, ते घाईने आणि पांगळे करून मांडीत नाहीत. आधी एक युक्तिवाद, त्यावर संभाव्य उत्तर, त्यावर प्रत्युत्तर, मग प्रतिपक्षी आणखी काय म्हणू शकेल तेही स्वतःच सुचवून, शेवटी सिद्धान्त. गुहेत एकटा बसलेला माणूस, पण पानावर दोन आवाज सतत चालू असतात. प्रतिपक्षी नसलेल्या ठिकाणी त्याची बाजू प्रामाणिकपणे बोलणे हे सभेत जिंकण्याहून अवघड. तेथे चूक पकडणारा प्राश्निक आपणच असतो.

असे प्रयत्न केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. जयतीर्थांच्याच शतकात युरोपातील विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा एक तर्काचा खेळ चाले. एकाने विधाने पुढे करावयाची. दुसऱ्याने आरंभी स्वीकारलेल्या विधानास धरून, प्रत्येकास मान्य, अमान्य किंवा संशयित म्हणावयाचे, आणि ठरलेला वेळ संपेपर्यंत स्वतःच्या बोलण्यात विसंगती येऊ द्यावयाची नाही. विरोध हे आपले पहिले निग्रहस्थान तेथेही पराभवाचे मुख्य कारण होते. अलीकडच्या काळात, १९५८ सालापासून, पाउल लोरेंझेन या जर्मन तत्त्वज्ञाने तर्कशास्त्राची मांडणीच दोघांच्या खेळाप्रमाणे केली. एक विधान मांडतो, दुसरा आक्षेप घेतो. मांडणाऱ्यास प्रत्येक संभाव्य आक्षेपाविरुद्ध जिंकण्याची रीत सापडत असेल तरच ते विधान तर्कतः सिद्ध. ही कल्पना वाचून जुन्या पाठशाळेतील एखादा शास्त्री चकित झाला नसता. मात्र खेळणारा कशासाठी खेळतो, हा प्रश्न लोरेंझेन यांच्या नियमांत येत नाही. कथालक्षणात तो पहिलाच आहे.

जयतीर्थांनंतर त्यांचा वाद थांबला नाही. त्यांच्याच ग्रंथांच्या पायावर सोळाव्या शतकात विजयनगरच्या श्रीव्यासतीर्थांनी न्यायामृत लिहिले. त्यास काशीच्या मधुसूदन सरस्वतींनी अद्वैतसिद्धीने ओळीओळीस उत्तर दिले. त्यावर व्यास रामाचार्यांनी तरंगिणी लिहिली, आणि तिला अद्वैत पक्षाकडून ब्रह्मानंदांनी उत्तर दिले. रामाचार्य अद्वैतसिद्धी समजून घेण्यासाठी स्वतः मधुसूदनांपाशी शिष्य म्हणून राहिले होते, अशी कथा आहे. शंभरांहून अधिक वर्षे चाललेल्या या बोलण्यात पुष्कळदा बोलणारे एकमेकांस भेटलेही नाहीत. ग्रंथच सभेत उभे राहिले. मंगळवेढ्याच्या त्याच मुलखात, विजापूर-सोलापूर वाटेवरील झळकी गावच्या भीमाचार्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायकोश तयार केला आणि वादशास्त्राचे सारे पारिभाषिक शब्द त्यात अर्थासह लावून ठेवले. तो कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो.

आता एक गोष्ट संकोचाने लिहितो. जयतीर्थांचे मूळ वृंदावन मळखेडला आहे की तुंगभद्रेतील आनेगुंदीच्या नववृंदावनांपैकी एक त्यांचे आहे, यावरून त्यांच्या अनुयायांतच वाद आहे, आणि तो न्यायालयापर्यंत गेला आहे. दोन्ही पक्ष जयतीर्थांचेच ग्रंथ पढलेले. राग आणि द्वेष यांपासून मोकळे असे विषम संख्येचे प्राश्निक त्यांस अद्याप मिळालेले नाहीत.

न्यायसुधेचे अध्ययन पुरे होण्यास विद्यार्थ्यास कित्येक वर्षे लागतात. ते पुरे झाले म्हणजे मठांतून सुधामंगल नावाचा उत्सव होतो. मोठमोठे विद्वान जमतात, आणि ज्यांचा पाठ पुरा झाला ते तरुण विद्यार्थी सभेत उभे राहतात. एक जण पूर्वपक्ष घेतो, दुसरा सिद्धान्त, वडीलधारे मध्येच प्रश्न टाकतात. कानडी मुलखातली ही सभा, संस्कृतातले बोलणे, आणि समोर उघडलेली पोथी घोड्यावरून न उतरता पाणी प्यालेल्या मंगळवेढ्याच्या त्या मुलाने लिहिलेली असते.